आठ माणसांचं लग्न आणि बोर्डावरची नोटीस

‘मी एकोणतीस वर्षांची, नोकरीला पुण्यात. तो त्रिशूरचा, ख्रिश्चन, पाच वर्षं वाकडला राहतो. दोन्ही घरी नाराजी आहे, पण धमक्या वगैरे नाहीत. मला सहाशे पानांचं लग्न नको. शहरातच, आठ माणसांत, नाताळच्या दिवशी करायचं आहे. एक एजंट पंधरा हजारांत एका दिवसात कोर्ट मॅरेज लावून देतो म्हणतो, मैत्रीण आळंदी सुचवते. आई-आप्पांना सगळं उरकल्यावर सांगावं असं ठरवलंय. हा स्वार्थीपणा आहे का?’
– सांगलीची लेक

प्रिय लेकी,

आठ माणसांत लग्न करण्यात स्वार्थ कसला? आई-आप्पांना मागाहून सांगायचा बेत मात्र टिकणार नाही. का, ते पुढे येईलच.

आळंदीचं आधी बघू. तिथे लागतं ते हिंदू पद्धतीचं लग्न. दोघंही हिंदू असतील (कायद्याने बौद्ध, जैन, शीखही त्यात येतात) आणि विधी नीट झाले असतील, तर ते पक्कं असतं. तुझा जोडीदार ख्रिश्चन आहे. त्याने धर्म न बदलता सप्तपदी घातली तरी हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न वैध ठरत नाही. एजंटचं ‘एका दिवसात’ बहुतेक वेळा असंच असतं: कुठेतरी हार घालायचे आणि नोंदणीचा कागद मिळवायचा. लग्नच वैध नसेल तर नुसत्या नोंदणीने ते वैध होत नाही. घाईत कुणी धर्मांतराचं प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं तर सही करू नका.

तुमच्यासाठी सरळ रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य हवं, तुमचं आहेच. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीने नोटीस द्यायची. ती कार्यालयाच्या बोर्डावर लागते. तीस दिवसांत ग्राह्य हरकत आली नाही तर लग्न लागू शकतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते लागलं नाही तर नोटीस रद्द होऊन सगळं पहिल्यापासून. ३ नोव्हेंबरला नोटीस दिलीत, तर ४ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत मोकळीक. पंचवीस डिसेंबर विसरा, सुट्टी असते. शनिवार-रविवारही कार्यालय बंद. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार धरा आणि सकाळची वेळ मागा. सर्व्हर बसला तर दुपार हाताशी राहते.

आता आई-आप्पांचं. तुमच्यापैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्याही बोर्डावर लागते. म्हणजे सांगलीत आणि त्रिशूरमध्ये. सांगलीच्या कार्यालयात आप्पांच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघणारच. भाड्याच्या खोलीचा पत्ता कायमचा म्हणून खपवायचा मोह होईल, पण ती खोटी माहिती होते आणि गुन्हाही. त्यापेक्षा नोटीस देण्याआधी घरी जा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको, भाऊबीज झाल्यावर, दोघं एकत्र बसलेले असताना सांग. परवानगी मागू नकोस. तारीख आणि वेळ सांग, आणि आठातल्या दोन जागा त्यांच्यासाठी आहेत म्हण. आली तर आनंद, नाही आली तर त्या दोन ताटांचं नंतर बघू.

त्यांनी हरकत घेतली तर? वय, आधीचा जिवंत जोडीदार, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता, एवढ्याच कारणांवर ती घेता येते. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण कायद्यात नाही. प्रकरण धमक्यांवर गेलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात दोघांच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहेत.

दादा कदाचित म्हणेल, ‘असं लग्न केलंस तर शेतातला हक्क गेला.’ चुकीचं आहे. या कायद्याने परधर्मीयाशी लग्न केलं की तू एकत्र कुटुंबातून विभक्त झालीस असं मानतात, वाटा मात्र बुडत नाही. तुझ्या स्वतःच्या मालमत्तेचा वारसा पुढे भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. मृत्युपत्र करून ठेवा, बँकेतली नामनिर्देशनं बदला.

सगळ्यात जास्त अडतं ते नावांवर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तुझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर मधलं नाव गायब. त्याच्याकडे केरळी रिवाजाने नावापुढे नुसतं इनिशियल, आणि पासपोर्टवर ते फोड करून लिहिलेलं. नोटिशीत जे नाव जाईल तेच प्रमाणपत्रावर येतं, तेच पुढे व्हिसापर्यंत लागतं. आधी आधार आणि पासपोर्ट जुळवून घ्या. त्यातच तीन आठवडे सहज जातात. बाकी वयाचा पुरावा, नोंदणीकृत भाडेकरार आणि फोटो लागतात. कुणाचा घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत.

साक्षीदार तीन, मूळ ओळखपत्रांसह, प्रत्यक्ष हजर. चौथा तयार ठेवा. हिंजवडीहून येणारा मित्र पुलाखाली अडकला की तिघांचे दोन होतात. सरकारी शुल्क काही शे रुपयांच्या पुढे जात नाही. पंधरा हजार जेवणावर घाला.

त्या दिवशी कायद्याला हवी ती दोघांची आणि साक्षीदारांची सही, आणि एकमेकांना म्हणायचं एक वाक्य: मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत ते म्हणता येतं. तू मल्याळममध्ये म्हण, त्याला मराठीत म्हणू दे. आदल्या आठवड्यात अधिकाऱ्याला सांगून ठेवा. मंगळसूत्र, अंगठी, हार सगळं ऐच्छिक. हार निशिगंधाचे घ्या, आदल्या दिवशी मंडईत सांगून ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्यात, उघड्या टोपलीत आणा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून पाकळ्या तपकिरी होतात. नऊवारी नेसणार असशील तर नेसवणारीला पाऊण तास तरी द्यावा लागेल, आणि कार्यालयात जिने असतात हे लक्षात ठेव.

सह्या बाराच्या सुमारास उरकतील. ते ऊन फोटोंना वाईट. आधी थाळी जेवा, दहा जणांचं टेबल दोन दिवस आधी सांगून, आणि साडेचारनंतर वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव गाठा. फोटो स्टेटसवर टाकण्याआधी सांगलीला आणि त्रिशूरला फोन करा.

प्रमाणपत्र हातात आलं की खुर्चीतून उठण्याआधी दोन्ही नावं, जन्मतारखा आणि पत्ते अक्षर न अक्षर वाचा. तिथल्या तिथे चूक दाखवणं सोपं, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. प्रमाणित प्रती त्याच दिवशी चार मागा: पासपोर्ट, बँक, त्याचं ऑफिस, आणि एक घरी पेटीत.