दुधाच्या वाटीचे गुण आधी काढा

तुम्ही चौघांनी पाठवलेला, लहान मुलांसाठी पाळीव प्राणी सांभाळायच्या गेमचा आराखडा दोनदा वाचला. कल्पना छान आहे, पण कोड लिहायच्या आधी एक गोष्ट बदला: मांजराला दुधाची वाटी दिली की मिळणारे १० गुण. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. तिथे पाण्याची वाटी ठेवा. मूल गेममध्ये जे करतं तेच घरी करून बघतं, म्हणून या एका वाटीसाठी मी इतका हट्ट धरतोय. कुत्र्याच्या ताटात चॉकलेट, कांदा, द्राक्षं अशा त्याला घातक गोष्टी ठेवायच्याच असतील, तर मुलानं त्या ओढून नेल्या की कुत्र्यानं तोंड फिरवावं आणि कारण आवाजात ऐकू यावं. पहिलीतल्या मुलाला वाचायला वेळ लागतो.

प्राणी मारू नका. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या तामागोची या हातात मावणाऱ्या, पडद्यावरचा प्राणी सांभाळायच्या खेळण्यात दुर्लक्ष झालं की प्राणी जायचा. आम्हीही पहिल्या गेममध्ये तसंच केलं होतं. चाचणीच्या वेळी एक मुलगी टॅब उलटा ठेवून गप्प बसली. मग आम्ही फक्त शेपूट खाली आणि डोळे मलूल दाखवले; तिनं लगेच वाटी भरली.

रंग, दुकान, बक्षिसं नंतर. स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून गेम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, एक खोली, एक कुत्रा एवढंच करा आणि पाच मुलांसमोर ठेवा. शेजारी बसा, पण काही सुचवू नका. बोट कुठे अडतं ते वहीत टिपा. आणि खाण्याची यादी पशुवैद्यांकडून तपासून घ्या, याच आठवड्यात.