आईबद्दल लेकी काय लिहितात? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. आमचं फार जमायचं नाही, म्हणजे भांडणं अशी नव्हती पण ती कायम कावलेली असायची आणि मी कायम लांब लांब. आता आईवरच्या कविता वाचल्या की त्यात माझी आई कुठे सापडतच नाही आणि वर अपराधी वाटत राहतं. माझ्या आईसारखी आई मराठीत कोणी लिहिलीये का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : ताई, लिहिलीये, आणि लेकींनीच लिहिलीये. आपल्याला तोंडपाठ असलेल्या आया आठवा बघू. 'प्रेमस्वरूप आई' माधव ज्युलियनांची, 'आई म्हणोनि कोणी' यशवंतांची, 'श्यामची आई' साने गुरुजींची. सगळं लिहिणारे मुलगे. ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, श्यामची आई वाचताना मला आजही रडू येतं. श्याम तर आईच्या हाताखाली घरकामसुद्धा करतो. पण उद्या हे सगळं आपल्याच वाट्याला येणार आहे ही धास्ती त्याला नसते ना. मुलगी आईकडे बघते तेव्हा ती स्वतःचं पुढचं आयुष्य बघत असते, आणि म्हणून ती आईवर चिडते पण, लांब पण पळते, आणि मग चाळिशीत अचानक आरशात आईच दिसायला लागते.

तुम्ही आधी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' वाचा, २००३ मध्ये आलेलं आत्मकथन आहे. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, सुपं, टोपल्या, रोवळ्या. रत्नागिरीजवळचं गाव, वडील लेक लहान असतानाच गेलेले, आणि ही आई दिवसभर बसून विणतेय विणतेय, कारण पोरांना शिकवायचंय आणि घर त्याच्यावर चालतंय. लाड करायला तिच्याकडे वेळ नाही, गोड बोलायची तर सवयच नाही, आणि लेकीने ते कुठेही साखर घालून सांगितलेलं नाही. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच, वेदनेची, असं त्या म्हणतात तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. पुढे त्याच पुस्तकात ही लेक स्वतः नोकरी, एमए, चळवळीच्या मीटिंगा सगळं करते आणि घरातून तक्रार येते की हिचं घराकडे लक्ष नाही, तेव्हा मागची ती विणत बसलेली आई वेगळीच दिसायला लागते. तुमची आई का कावलेली असायची ते यात थेट नाही मिळणार, पण कुठे शोधायचं ते कळेल असं मला वाटतं.

आणि आई चुकते, मुलीवर अन्याय करते, हेही लिहिलं गेलंय. विभावरी शिरूरकरांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह लिहिला तो टोपणनावाने, आणि केवढी खळबळ झाली. शिकलेली कमावती मुलगी, तिच्या पगाराची घराला लागलेली सवय, आणि मग तिच्या लग्नाचं कोणी मनावरच घेत नाही. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी १९९० ची, म्हणजे जवळपास साठ वर्षांनंतरची, आणि तिथेही थोरल्या मुलीच्या खांद्यावर सगळं घर आहेच! ती कोसळते तेव्हा आईवरचा राग बाहेर येतो. तो राग वाचून मला तरी मोकळं वाटलं होतं, अपराधी नाही.

प्रश्न : हे सगळं शिकलेल्या बायकांचं झालं. आधीच्या बायकांनी आईबद्दल काही म्हटलंच नाही का? (सोलापूर)

उत्तर : भरपूर म्हटलंय, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात आई आणि माहेर सारखं येतं. आई गेली की माहेर भावजयीचं होतं हे दुःख तर किती जणींनी गायलंय. आणि बहिणाबाई आहेतच की. माहेरची गाणी गाणाऱ्या सासुरवाशिणीला योगी विचारतो, माहेर एवढं गोड तर सासरी कशाला जातेस, तर ती म्हणते, "लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते". आई कशी कशी टिकून राहते आणि कोणासाठी, ते एका ओळीत आलं.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, बंगळुरूतच वाढली. मराठी बोलते पण वाचायचं म्हटलं की कंटाळते. आम्ही दोघींनी एकत्र वाचावं असं काही सुचवाल का?

उत्तर : 'चारचौघी'पासून सुरू करा, प्रशांत दळवींचं नाटक, १९९१ चं. २०२२ मध्ये ते नव्या संचात परत आलं. लग्न न करता तीन मुली वाढवलेली शिक्षिका आई आणि तिघींचे तीन वेगळे प्रश्न. आई स्वतः एवढी धीट, तरी मुलींचे निर्णय तिलाही जड जातात. नाटक आहे म्हणून मोठ्याने वाचा, पात्रं वाटून घ्या, तुम्ही मुलीचं काम घ्या आणि तिला आईचं द्या. बोलता येतं ना तिला, मग ऐकून ऐकून वाचायला पण लागेल.

नंतर मात्र दोन प्रती घ्या. 'आयदान'चं माया पंडितांनी इंग्रजी केलंय, 'द वीव्ह ऑफ माय लाइफ', आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', शांता गोखल्यांनी इंग्रजीत आणलंय. तुम्ही मराठी वाचा, ती इंग्रजी वाचेल, रोज एक प्रकरण, आणि जेवताना काही शब्दांवर अडाल. रोवळीला इंग्रजीत काय म्हटलंय ते ती तुम्हाला सांगेल, आणि रोवळी म्हणजे काय ते तुम्ही तिला दाखवा, घरात असेल तर काढून ठेवा.