ठिबक कंपनीच्या व्यूहरचनेचा प्रकल्प अहवाल : चौकटी भरून झाल्यावर पुढे काय

तुम्ही जळगावात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहात, ‘जैन इरिगेशनची व्यावसायिक व्यूहरचना आणि स्पर्धात्मक परिस्थिती’ हा विषय घेतला आहे, आणि स्वॉट (बलस्थाने, उणिवा, संधी, धोके), पेस्टल (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय व कायदेशीर घटक) व मायकेल पोर्टर यांचे पाच शक्तींचे प्रारूप (आपसातील स्पर्धा, ग्राहक, पुरवठादार, नव्याने येणारे आणि पर्याय) असे तिन्ही तक्ते भरून झाले आहेत. तरीही मार्गदर्शकांनी ‘हे वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा दिला. आता आणखी कोणते प्रारूप जोडावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे : एकही नवे प्रारूप जोडू नका. पाइप आणि ठिबकच्या विक्रीव्यवहारात बरीच वर्षे काढल्यानंतर आणि विद्यार्थ्यांचे असे अनेक अहवाल वाचल्यानंतर मला वाटते, की अडचण प्रारूपांच्या संख्येत नसून अहवालाला स्वतःचा प्रश्न नसण्यात आहे. या कंपनीच्या बाबतीत प्रश्न समोरच आहे. ज्या मालाला मागणी आहे, ज्याला सरकारचे पाठबळ आहे आणि ज्यात कंपनीचे नाव देशभर झाले आहे, तो माल विकत असताना कंपनी २०१९ मध्ये कर्जफेडीच्या गंभीर अडचणीत का आली? तुमचा प्रत्येक तक्ता या प्रश्नाच्या उत्तरात काही भर घालतो का, हे तपासा. जो घालत नाही तो परिशिष्टात टाका.

त्याआधी उद्योगाची हद्द ठरवावी लागेल. तुमच्या अहवालात संपूर्ण कंपनीसाठी पाच शक्तींचा एकच तक्ता आहे, आणि तेथेच पहिली चूक झाली आहे. वार्षिक अहवालात कंपनी स्वतःच आपला व्यवसाय हाय-टेक कृषी निविष्ठा, प्लास्टिक आणि कृषिप्रक्रिया अशा विभागांत मांडते, कारण या तिन्हींतील ग्राहक वेगळे आणि प्रतिस्पर्धीही वेगळे आहेत. पाइपमध्ये गाठ पडते ती जळगाव जिल्ह्यातच गाडेगावला कारखाना असलेल्या सुप्रीम इंडस्ट्रीजशी आणि रत्नागिरीला स्वतःचे पीव्हीसी रेझिन (पाइपचा कच्चा माल) बनवणाऱ्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजशी. ठिबकमध्ये समोर आहेत मूळची इस्राएलची नेटाफिम, जिचा ८० टक्के हिस्सा २०१८ मध्ये मेक्सिकोच्या मेक्सिकेमने (आताची ऑर्बिया) घेतला, तसेच फिनोलेक्स प्लासन आणि असंख्य स्थानिक उत्पादक. आंब्याचा पल्प आणि वाळवलेला कांदा यांचे खरेदीदार तर पेय व खाद्यपदार्थ कंपन्या आहेत. त्यांचा ठिबकच्या बाजाराशी काही संबंध नाही. या सगळ्यांची सरासरी काढून ‘स्पर्धा : तीव्र’ असे लिहिण्याला अर्थ उरत नाही. माझा सल्ला असा, की पाच शक्तींचे विश्लेषण फक्त ठिबकपुरते, आणि तेही खानदेशातील बाजारापुरते करा. बाकीचे विभाग पुढे, विविधीकरणाच्या प्रकरणात येऊ द्या.

तुमच्या तक्त्यात ‘ग्राहकांची सौदाशक्ती : मध्यम’ अशी नोंद आहे. संपूर्ण अहवालातील सर्वांत महत्त्वाची जागा हीच आहे आणि ती तुम्ही एका शब्दात संपवली आहे. ठिबकचा ग्राहक कोण? नळ्या शेतकऱ्याच्या शेतात पसरतात, पण पैशाचा मोठा भाग सरकारकडून येतो. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतर शेतकऱ्यांना ४५ टक्के अनुदान मिळते, आणि त्याचा भार केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात. महाराष्ट्राने त्यावर अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांचे पूरक अनुदान देऊन एकूण प्रमाण ८० आणि ७५ टक्क्यांवर नेले. हे प्रमाण प्रत्यक्ष बिलावर नव्हे, तर योजनेत ठरवून दिलेल्या खर्चाच्या मापदंडावर काढले जाते, हे ध्यानात ठेवा. त्यामुळे किमतीची एक पातळी सरकारच्या कागदावर ठरते आणि स्पर्धा दरापेक्षा उधारी, बसवणी, विक्रीनंतरची सेवा आणि डीलरचे कमिशन यांकडे सरकते.

आता या पैशाचा प्रवास मांडा. शेतकरी महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करतो, पूर्वसंमती मिळते, तो नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घेतो, बिल अपलोड करतो, कृषी खात्याची मोका (प्रत्यक्ष शेतावरची) तपासणी होते आणि त्यानंतर, निधी उपलब्ध असेल तेव्हा, अनुदान खात्यात जमा होते. संच मात्र लागवडीच्या वेळीच लागतो, कारण पीक मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. खरेदी आणि अनुदान यांमधला हा काळ कोणीतरी आपल्या पैशाने भरून काढावा लागतो. कधी शेतकरी स्वतः, कधी डीलर, आणि डीलरला उधारीवर माल दिला असेल तर कंपनी. अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्यायचे की यंत्रणेमार्फत कंपनीला, ही पद्धतही राज्याराज्यांत वेगळी राहिली आहे. गुजरातने २००५ मध्ये आणि त्याआधी आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारली. जेथे अनुदानाचा वाटा सरकारकडून कंपनीला यायचा असतो, तेथे सरकार हाच कंपनीचा सर्वांत मोठा ऋणको होतो. त्याच्याकडे तगादा लावता येतो, पण माल थांबवून दबाव आणता येत नाही. ‘मध्यम’ या एका शब्दामागे इतके सगळे दडलेले आहे. म्हणून शेतकरी, डीलर आणि सरकार यांची सौदाशक्ती तीन स्वतंत्र उपशीर्षकांखाली मांडा.

मागणीकडेही जवळून पाहावे लागेल. केळीच्या दोन ओळींतले अंतर दीड मीटर धरले, तर एका हेक्टरला सुमारे ६,६६७ मीटर लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून पसरायची ठिबकची नळी, लागते. डाळिंबाच्या ओळी साडेचार मीटरवर असतील, तर तेच काम सुमारे २,२२२ मीटरमध्ये होते. म्हणजे क्षेत्र तेवढेच राहून पीक बदलले, तर नळीची विक्री तिपटीने कमी किंवा जास्त होते. (दोन ओळी जवळ घेऊन त्यांना एकच नळी देण्याच्या जोडओळ पद्धतीत हा हिशेब बदलतो, तेव्हा शेतात प्रत्यक्ष वापरात असलेले अंतर विचारून घ्या.) शिवाय दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ केळीची रोपे बसतात आणि हीच कंपनी टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) रोपेही विकते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातील एक हेक्टर केळी या कंपनीला पाइप, ठिबक आणि रोपे अशी तिहेरी विक्री देऊ शकते. केवळ नळी विकणाऱ्या स्थानिक उत्पादकाला ती मिळत नाही. स्पर्धात्मक लाभाविषयीचा हा दावा मोजून दाखवता येतो. तुमच्या स्वॉटमधील ‘मजबूत ब्रँड’ या मुद्द्याला असा कोणताही आधार नाही.

उरलेल्या तीन शक्तींवर फार पाने खर्च करू नका. पुरवठादारांच्या बाबतीत एवढेच दाखवा, की लॅटरल पॉलिइथिलीनची आणि मुख्य पाइप पीव्हीसीचा असतो, दोन्हींचे दर कच्च्या तेलाशी व आयातीशी बांधलेले आहेत आणि स्वतःचे रेझिन असलेल्या प्रतिस्पर्ध्याला तेथे वेगळे बळ मिळते. नव्याने येणाऱ्यांसाठी नळी काढण्याचे यंत्र बसवणे अवघड नाही. खरा अडसर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) प्रमाणन आणि अनुदानासाठीची नोंदणी हा आहे. म्हणूनच अनुदानाचा बाजार आणि रोखीचा बाजार असे दोन बाजार पडतात, आणि विनाप्रमाणित स्वस्त नळी दुसऱ्या बाजारात शिरते. पर्यायांमध्ये तुषार आणि रेनपाइप (बारीक छिद्रांतून पाणी फवारणारा पाइप) लिहिलेत ते योग्य आहे, पण सर्वांत मोठा पर्याय राहून गेला आहे, तो म्हणजे जुनीच नळी गुंडाळून पुढच्या हंगामात पुन्हा वापरणे. सरीने किंवा मोकाट पाणी देणे हाही पर्याय आहे, मात्र विहिरी-कूपनलिकांचे पाणी खोल गेलेल्या आणि पंपाला रात्रीची वीज मिळणाऱ्या भागात तो दिवसेंदिवस महाग पडत आहे.

विविधीकरणाच्या प्रकरणात इतिहास थोडक्यात आणि कारणांसह द्या. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या कौटुंबिक बचतीवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले, त्या दशकाच्या अखेरीस ठिबक, आणि पुढे टिश्यूकल्चर व फळ-भाजी प्रक्रिया. या सगळ्यांत शेतकरी हा समान धागा आहे, असे प्रत्येक अहवालात लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. पांढऱ्या कांद्याच्या करारशेतीत तोच शेतकरी ग्राहकही आहे आणि पुरवठादारही. परंतु ग्राहक समान असला म्हणजे पैशाचे चक्र एकमेकांना पूरक असते असे नाही, आणि तुमच्या अहवालाचे स्वतःचे योगदान येथे होऊ शकते. खानदेशात बागायती कापसाची लागवड मे-जूनमध्ये होते, म्हणजे ठिबकचा माल उधारीवर बाहेर जाण्याचा एक मोठा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. आंब्याची खरेदीही साधारण याच काळात होते. ती जवळपास रोखीने करावी लागते आणि पल्प मात्र वर्षभर थोडाथोडा विकला जातो. दोन्ही व्यवसायांना खेळते भांडवल एकाच वेळी लागत असेल, तर विविधीकरणाने उत्पन्नाची जोखीम विभागली जाऊनही रोखीची जोखीम एकत्र साठते. हे गृहीतक म्हणून मांडा आणि तिमाही निकालांतून पडताळा. ते चुकीचे ठरले, तरी त्यातून अहवालाला विश्लेषण मिळेलच.

आर्थिक बाजूसाठी पुढचे टप्पे घ्या : २००६-०७ पासूनची परदेशी संपादने (अमेरिकेतील चॅपिन, इस्राएलमधील नानदान), २०१९ मधील थकबाकी आणि पतमानांकनाची घसरण, मार्च २०२२ मध्ये अंमलात आलेली कर्ज पुनर्रचना, आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसायाचे रिव्ह्युलिस या इस्राएली सिंचन कंपनीमध्ये विलीनीकरण, ज्यात कंपनीने नियंत्रण सोडून अल्प हिस्सा ठेवला. केवळ घटनाक्रम देऊन थांबू नका. प्रत्येक वर्षाची येणे रक्कम भागिले विक्री, गुणिले ३६५, असे येणे वसुलीचे दिवस काढा आणि त्याशेजारी साठ्याचे दिवस मांडा. मग हेच आकडे फिनोलेक्स इंडस्ट्रीजचे काढा, कारण ती कंपनी डीलरांना प्रामुख्याने रोखीने माल देण्यासाठी ओळखली जाते. दोघांच्या वसुलीच्या दिवसांतील फरक हा दोन वेगळ्या व्यूहरचनांचा ताळेबंदावर उमटलेला परिणाम आहे. नेटाफिमची भारतीय कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे तिच्यासाठी ऑर्बियाच्या अहवालातील सिंचन विभाग पाहावा लागेल. ती तुलना काटेकोर नसेल, आणि तसे स्पष्ट लिहा. वार्षिक अहवालातील अध्यक्षांच्या मनोगतापेक्षा पतमानांकन संस्थांची टिपणे मला अधिक उपयोगी वाटतात, कारण भांडवल कोठे अडकले आहे हे त्यांत सरळ शब्दांत लिहिलेले असते.

क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली घेऊन शेतकऱ्यांना ‘तुम्ही समाधानी आहात का’ असे विचारत फिरू नका. रावेर किंवा चोपड्याच्या बाजारात दोन-तीन कृषी केंद्रांत बसा आणि डीलरला पुढील गोष्टी विचारा : कोणत्या कंपनीचा माल किती दिवसांच्या उधारीवर मिळतो, अनुदानाची फाइल कोण तयार करतो, मंजुरी लांबली तर पैसे कोणाकडे अडकतात आणि रोखीने आलेले गिऱ्हाईक कोणती नळी मागते. दर विचारला की डीलर सावध होतो, म्हणून तो शेवटी विचारा किंवा विचारूच नका. तुमच्या अहवालात दुकानाचे वा व्यक्तीचे नाव येणार नाही, हे आधीच सांगा आणि पाळा.

शिफारशींच्या प्रकरणात तुम्ही लिहिलेले ‘कंपनीने संशोधनावर भर द्यावा, ग्राहकसंबंध वाढवावेत’ हे मुद्दे काढून टाका. त्याऐवजी एकच शिफारस घ्या आणि तिची किंमत मोजा. अनुदानावर अवलंबून असलेली विक्री कमी करून डीलरमार्फत रोखीची विक्री वाढवावी असे सुचवत असाल, तर रोखीसाठी डीलरला किती सूट द्यावी लागेल, त्या सुटीपेक्षा वाचलेले व्याज जास्त आहे का, आणि रोखीच्या बाजारात विनाप्रमाणित नळीशी कोणत्या किमतीला सामना होईल, हे आकड्यांत दाखवा. सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो बदल या हिशेबात धरा, आणि त्याचा फायदा शेतकरी, डीलर व कंपनी यांपैकी कोणाकडे राहिला, हे त्याच कृषी केंद्रांतील बदलापूर्वीची आणि बदलानंतरची बिले शेजारी ठेवून पाहा.