वाचकांचे प्रश्न : ‘मार्जिन कॉल’मध्ये एका रात्रीत एवढी घाई कशासाठी?

प्रश्न : ‘मार्जिन कॉल’ (2011) हा चित्रपट दोनदा पाहिला. संगणकावरचे आकडे पाहून बँकेच्या जोखीम विभागातल्या पीटरचा चेहरा उतरतो आणि बँकेकडचा सगळा माल विकून टाकायचं पहाटेपर्यंत ठरतं. मधला हिशेब मात्र डोक्यावरून गेला. बँक तर अजून बुडालेली नसते, मग एवढी घाई का?

उत्तर : घाईचं मूळ उसन्या पैशात आहे. पटकथा ते दोन-चार वाक्यांत उरकते, म्हणून हातून निसटतं.

बँक गृहकर्जं विकत घेते, त्यांची मोट बांधते, जोखमीप्रमाणे थर पाडते आणि ते रोखे गुंतवणूकदारांना विकते. थर नीट रचायला महिनाभर लागतो, असं पीटर बैठकीत सांगतो. ते वाक्य पुन्हा ऐका, सगळी गोम तिथे आहे. तेवढे दिवस माल बँकेच्याच खात्यावर पडून राहतो आणि तो बहुतांशी कर्जाच्या पैशावर उभा असतो.

सोयीसाठी आपले आकडे घेऊ. माल 100 डॉलरचा, त्यात स्वतःचे 3, उसने 97. भाव 3 टक्के उतरला की स्वतःचे सगळे गेले. 10 टक्के उतरला तर धनकोंचे 7 डॉलर बुडाले. चित्रपटात 25 टक्के घसरण धरली आहे आणि तेवढ्यात तोटा अख्ख्या कंपनीच्या बाजारमूल्याहून मोठा होतो.

आता ते 97 डॉलर कुठले, हे पाहायला हवं. अशा बँका बराच पैसा रोखे तारण ठेवून एका रात्रीपुरता उचलत. सकाळी फेडायचा, पुन्हा उचलायचा. धनको 100 च्या तारणावर समजा 97 देतो. तो धास्तावला आणि 90 च देऊ लागला, तर 7 डॉलर त्याच दिवशी उभे करावे लागतात, मालाचा भाव तसूभरही हललेला नसताना. ते येणार माल विकून. विकला की भाव पडतो, भाव पडला की उरलेलं तारण अपुरं ठरतं आणि आणखी पैसे भरण्याचा तगादा लागतो. हा तगादा म्हणजेच मार्जिन कॉल. पडद्यावर तो कधी येतच नाही. तो यायच्या आत माल दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची ती रात्र आहे.

प्रश्न : मग जोखीम मोजणाऱ्यांना हे आधी दिसलं कसं नाही?

उत्तर : मोजमाप मागच्या भावांवर बेतलेलं असतं. भाव आजवर किती हलले, त्यावरून उद्या किती हलतील याचा अंदाज. मागची वर्षं शांत गेली असतील तर जोखीम कमी दिसते, कमी दिसली की कर्ज आणखी वाढवता येतं. शिवाय ‘99 टक्के दिवस तोटा एवढ्याच्या आत राहील’ अशी मर्यादा उरलेल्या एका दिवशी तोटा किती मोठा होईल, याबद्दल गप्प असते. वरिष्ठ एरिक डेलचं अर्धवट राहिलेलं काम पीटर पुरं करतो तेव्हा कळतं, की ही मर्यादा गेल्या काही दिवसांत ओलांडलीही गेली आहे. एरिकला त्याच दिवशी नोकरीवरून काढलेलं असतं, हा योगायोग मला पटकथेतला सर्वांत बोचरा भाग वाटतो.

प्रश्न : दलालांना एवढा बोनस का देतात?

उत्तर : स्वतःच्या वाट्याचा 93 टक्के माल विकला तर 14 लाख डॉलर, सगळ्या विभागाने 93 टक्के गाठले तर प्रत्येकी आणखी 13 लाख. ही त्यांच्या उरलेल्या कारकिर्दीची किंमत आहे. ज्यांच्याशी रोजचे सौदे, त्याच गिऱ्हाइकांना टाकाऊ माल विकायचा. ती माणसं पुन्हा फोन उचलणार नाहीत. दलालांचा प्रमुख सॅम रॉजर्स हेच ओरडून सांगत असतो. सकाळचे सौदे बऱ्या भावात होतात कारण समोरच्याला कल्पना नसते. बातमी फुटत जाते तसा भाव कोसळतो, म्हणून पहिल्या काही तासांवर सगळा भर.

प्रश्न : ही लेमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेची गोष्ट आहे का?

उत्तर : नाही, चित्रपटातल्या बँकेला नावच दिलेलं नाही. लेमनला माल वेळेत काढता आला नाही आणि 15 सप्टेंबर 2008 ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. रात्रीपुरत्या कर्जाचा फास पाहायचा असेल तर बेअर स्टर्न्स ही दुसरी अमेरिकी बँक पाहा. 10 मार्च 2008 ला तिच्याकडे सुमारे 18 अब्ज डॉलरची रोकड होती, 13 मार्चला उरली सुमारे 2 अब्ज. 16 मार्चला जे. पी. मॉर्गनने ती दर शेअरला 2 डॉलर देऊन घ्यायचं ठरवलं. पुढे तो भाव 10 डॉलर झाला.