पुढची चाकं जागीच फिरतात, गाडी सुटत नाही : लाँच कसा सुधारायचा?

प्रश्न : मी इंदूरला असतो. पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आहे, रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली). सुटताना पहिल्या गिअरमध्ये पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि मित्राची कमी ताकदीची गाडी सुरुवातीलाच पुढे निघून जाते. रात्री सुपर कॉरिडॉरवर सराव करतो. एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) बसवू की रुंद टायर घालू?

उत्तर :

मीही इंदूरचाच, म्हणून आधी सुपर कॉरिडॉरबद्दल बोलतो. तिथला सराव आजपासून बंद करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्याबद्दल पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण मला दंडापेक्षा त्या रस्त्याने रात्रपाळी करून स्कूटरवर घरी जाणाऱ्या माणसाची काळजी जास्त आहे. शंभरच्या वेगात तुम्ही सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाता. दुभाजकातल्या कट पॉइंटमधून कुणी वळलं तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ते अंतर संपतं. शिवाय त्या सरावातून शिकायलाही काही मिळत नाही. एका रात्री रस्त्यावर धूळ, दुसऱ्या रात्री कुणाच्या तरी ट्रकचं सांडलेलं डिझेल. आज गाडी बरी सुटली ती तुमच्यामुळे की रस्त्यामुळे, हे कळायला मार्ग नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मित्राची कमी ताकदीची गाडी पुढे जाते यात नवल काही नाही. तुमच्या इंजिनाला ताकद कमी पडत नाहीये, टायरला ती पेलवत नाहीये. ढोबळ हिशोब करून बघा. कंपनीतून आलेल्या गाडीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) मिळून तो साधारण तेरा-चौदा पट होतो. १९५/५५ आर १६ टायरची त्रिज्या ३१ सेंटीमीटर. मधली गळती वजा केली तरी पुढच्या चाकांपाशी साडेसहा हजार न्यूटनच्या आसपास जोर येतो. चालकासकट गाडी साडेअकराशे किलो धरली, तर उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर सुमारे ६९० किलो असतात. गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं आणि पुढे जेमतेम पावणेसहाशे किलो उरतात. चांगल्या कोरड्या डांबरावर रस्त्याचा टायर त्यावर पाच हजार न्यूटनच्या आसपास धरतो. म्हणजे रिमॅपच्या आधीच तुमच्याकडे दीड हजार न्यूटन जास्तीचे होते. रिमॅपने ते आणखी वाढले, आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांचा उपयोग फक्त धूर काढण्यापुरता.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची ही मुळातली अडचण आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोर लावाल तसं वजन जोर देणाऱ्या चाकांवर येतं; आपल्याकडे ते निघून जातं. किती सरकणार हे गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि गाडी किती जोरात सुटते एवढ्यावरच ठरतं. स्प्रिंगा बदलून हा आकडा बदलत नाही, फक्त सरकायला किती वेळ लागतो ते बदलतं. म्हणून सस्पेन्शनवर मोठा खर्च करायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. मागचे शॉकअप मात्र गेलेले नसावेत. गाडी मागे बसते आणि नाक वर करते तेव्हा पुढच्या चाकांचं ऐन गरजेच्या क्षणी नुकसान होतं.

पैसे घालायचेच असतील तर आधी टायर. रुंदीपेक्षा रबर महत्त्वाचं. ज्या टायरच्या कडेला ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा छापलेला असतो तिथे तो बघा. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालावेत म्हणून बनवलेले टायर लाँचला कामाचे नाहीत, मग ते कितीही रुंद असोत. आणि तारीख बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेड शिल्लक असला तरी पाच-सहा वर्षं इंदूरचं ऊन खाल्लेलं रबर कडक होतं. नखाने दाबून बघितलं तरी नव्या आणि जुन्यातला फरक कळतो.

हवा हा फुकटातला उपाय, आणि बहुतेक जण तो अंदाजाने करतात. पुढे ३२ ऐवजी २७-२८ पीएसआय, मागे ३८ च्या आसपास, इथून सुरुवात करा. मागच्या चाकांना फक्त गडगडत जायचंय. पुढची हवा किती उतरवायची ते खडूने ठरवा. पुढच्या टायरच्या ट्रेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढा, गाडी सरळ थोडी पुढे घ्या आणि उतरून बघा. पट्टा फक्त मधे पुसला गेला असेल तर हवा जास्त आहे, टायर पोटावर चालतोय. दोन्ही कडांना पुसला गेला आणि मधे पांढरा राहिला तर हवा कमी. सगळीकडे सारखा पुसला गेला की त्या टायरचा त्या दिवसाचा आकडा सापडला. त्या दिवसाचा म्हणतो, कारण टायर पाच-सहा अंशांनी तापला की हवा साधारण एक पीएसआयने वाढते. मे महिन्यात सकाळी सावलीत मोजलेली हवा दुपारी तीनला तीच नसते. स्वतःचा गेज ठेवा. पंपावरच्या मीटरवर दोन-तीन पीएसआयचा भरवसा नसतो. आणि परत निघण्याआधी हवा पुन्हा भरायची. मऊ टायरवर हायवेला वेगाने जाणं धोक्याचं आहे.

बर्नआउटबद्दल : व्हिडिओत दिसतं तसं पाण्यात उभं राहून धूर काढणं हे स्लिकसाठी, म्हणजे बिननक्षीच्या शर्यतीच्या टायरसाठी आहे. नक्षी असलेल्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि रेषेवर उभं राहिल्यावर तेच टायरखाली ठिबकतं. पाण्याला वळसा घालून जा, कोरड्यावर क्षणभर चाकं फिरवून धूळ-खडे झटका, बस. जास्त घासलात तर रस्त्याच्या टायरचं रबर वरून तेलकट होतं आणि पकड उलट घटते.

आता पाय. माझ्या मते तुमची निम्म्याहून जास्त दुरुस्ती इथेच आहे. टायर सगळ्यात जास्त कधी ओढतो? चाक रस्त्यापेक्षा थोडंसं, दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असतं तेव्हा. त्याच्या पुढे गेलं की पकड घसरते, आणि एकदा घसरली की रेस कमी केल्याशिवाय परत येत नाही. कान उघडे ठेवले तर हे ऐकू येतं. बरोबर चाललेला टायर खालच्या पट्टीत गुरगुरतो. आवाज चढून किंचाळी झाली की तुम्ही वेळ हरवताय. काच थोडी खाली ठेवून, गाणी बंद करून सुटा.

मॅन्युअलमध्ये मी असं करतो. इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आसपास स्थिर धरायचं, क्लच बाइट पॉइंटपर्यंत (जिथे तो धरायला लागतो तिथपर्यंत) आणून हँडब्रेकवर गाडी ताणलेली ठेवायची, आणि सुटण्याचा दिवा लागला की हँडब्रेक सोडताना क्लच एकदम न सोडता हाफ क्लचमध्ये दीडेक सेकंद सरकवत न्यायचा. उजवा पाय त्या वेळात अर्ध्यावरच. क्लच पूर्ण सुटला, चाक गुरगुरतंय, मग हळूहळू पूर्ण रेस. टर्बो गाडीत सगळे इथे फसतात : अर्ध्या रेसवर सगळं छान चाललेलं असतं, मग बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा) एकदम भरतो आणि दहा मीटरवर चाकं पुन्हा सुटतात. तो क्षण कधी येतो हे आपल्या गाडीचं ओळखून त्याच्या आधीच पाय किंचित उचलावा लागतो. रिमॅप ज्याने केला त्याला पहिल्या गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवता येतो का, हे विचारा. काही ट्यूनर करून देतात, आणि तुमच्या गाडीला त्याचा एलएसडीइतकाच फायदा होईल. दोन लाँचच्या मधे क्लच गार होऊ द्या. जळका वास आला तर त्या दिवसापुरतं थांबा.

चाकं फिरताना डॅशबोर्ड खडखडतो का, स्टिअरिंगला हिसके बसतात का, हेही सांगा. तो व्हील हॉप. टायर धरतो, सुटतो, परत धरतो, आणि इंजिन आपल्या माउंटवर (रबरी आधारांवर) पुढे-मागे उड्या मारतं. साधी घसरण परवडली, ही नाही. एका ओळखीच्या मुलाच्या हॅचबॅकचा ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) यातच तुटला. गाडी रेषेवरून ढकलून बाजूला घ्यावी लागली. हॉप सुरू झाला की त्याच क्षणी पाय उचला, तो दाबून निघत नाही. खालचा टॉर्क माउंट फाटलाय का बघून घ्या. त्यात घालायचे पॉलियुरेथेनचे इन्सर्ट मिळतात, खर्च थोडा. केबिनमध्ये थरथर वाढते, पण इंजिन जागेवर राहतं. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश गेले असतील तर तेही त्याच वेळी उरका.

एलएसडीचं म्हणाल तर वस्तू उत्तम आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणून ज्या चाकाखाली धूळ आली त्याच्या कुवतीइतकंच दुसऱ्यालाही मिळतं. एलएसडीने हे सुधारतं. पण गिअरबॉक्स उघडावा लागतो, मजुरीसकट खर्च मोठा, आणि दोन्ही चाकं एकदम फिरत असतील तर एलएसडी काही करू शकत नाही. आधी लाँचचा बाजूने व्हिडिओ काढा आणि डांबरावरच्या खुणा बघा. एकच काळा पट्टा पडत असेल तर एलएसडीचा विचार करा. दोन पडत असतील तर टायर आणि पाय.

वजन कमी करायचं तर मागचं. स्टेपनी, जॅक, बूटमधलं सामान काढा. घरी जाताना परत घाला. इंधन पाव टाकी पुरे. पुढचं काही काढू नका.

मोजल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही. ०-१०० च्या आकड्यात सगळं मिसळून जातं. पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे साधारण १८ मीटरचा वेळ बघा. ड्रॅगीसारखं जीपीएस यंत्र तो देतं. तिथे वाचवलेला दशांश सेकंद ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, पाव मैलाच्या शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. तुमच्यासारख्या गाडीत २.५ च्या खाली सातत्याने आलात तर लाँच चांगला. यंत्रात 'एक फूट रोलआउट' हा पर्याय असतो. ड्रॅगच्या रेषेवर चाक किरणातून पूर्ण बाहेर पडल्यावरच घड्याळ सुरू होतं, म्हणून साधारण तो पहिला फूट मोजलाच जात नाही. त्यालाच तीन दशांशांच्या आसपास वेळ लागतो. मित्राचा आकडा रोलआउटसकट आणि तुमचा त्याच्याशिवाय असेल तर ती तुलनाच चूक. स्पर्धेत स्टेजचा (गाडी रेषेवर आल्याचा) दुसरा दिवा लागला की तिथेच थांबायचं, आणखी पुढे सरकायचं नाही. रिअॅक्शन टाइम वेगळा मोजतात. दिव्याला उशिरा सुटलात तर शर्यत हराल, पण धावेची वेळ बिघडत नाही.

कुठे करायचं? पीथमपूरचं नॅट्रॅक्स आपल्या उशाशीच आहे, तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला. पण ते मुळात वाहनचाचणीचं ठिकाण, सहज गाडी घेऊन आत जाता येत नाही. ड्रॅगच्या स्पर्धा आपल्याकडे बऱ्याचदा हवाईपट्टीवर होतात, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या पट्टीवरही झाल्या आहेत. एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाची) मान्यता असलेली स्पर्धा शोधा, हेल्मेट घ्या, तपासणीला वेळेवर पोहोचा. हवाईपट्टीवर ड्रॅग स्ट्रिपसारखा चिकट थर नसतो, उलट धूळ असते. आदल्या गाड्यांच्या काळ्या पट्ट्यांवर चाकं येतील अशी गाडी लावा.

टायरचं मॉडेल, त्यावरचे चार आकडे आणि बाजूने काढलेला एक व्हिडिओ इथे टाका. हॉप आहे की नुसती घसरण, ते बघून सांगतो.