ओसीडीमुळे अंघोळीला दोन तास लागतात, म्हणून आता अंघोळच टाळतो. काय करावं?

ओसीडी, म्हणजे नको ते विचार डोक्यात घोळत राहून तीच ती कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. तो असला की माणूस टापटीप असणारच, असं लोक धरून चालतात. आत शिरलं की दोन तास जाणार या धास्तीने माणूस आत जायचंच टाळतो, हे त्यांना सांगूनही पटत नाही. मी स्वतः सलग पाच दिवस पारोशी राहिलेय, तेही जंतूंच्या भीतीपायी!

माझी अंघोळ अशी चालायची. साबण लावण्याआधी साबण धुवायचा, त्याआधी नळाची चावी धुवायची. सुरुवात डाव्या हातापासून. मध्येच कोपर भिंतीला टेकलं की सगळं पहिल्यापासून. टॉवेलचं टोक कमोडला लागलं असेल का, अशी नुसती शंका आली तरी परत आत. बाहेरून आईचा आवाज, "अगं, टाकी संपेल!" २०२० मध्ये तर सगळीकडून २० सेकंद हात धुवा, हात धुवा चाललं होतं. माझे २० कधी २०० झाले कळलंच नाही. बोटांची पेरं चिरली होती, लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

आजीकडे याला शब्द होता, मंत्रचळ. ती स्वतः सोवळ्यात स्वयंपाक करायची, काठीने सोवळं वाळत घालायची. पण नैवेद्य दाखवून जेवणं झाली की तिचं सोवळं सुटायचं. माझं सुटतच नव्हतं.

खरी मेख इथेच आहे. मी स्वच्छ वाटेपर्यंत धूत होते, आणि ओसीडीत ते 'वाटणं' येत नाही. आलं तरी टॉवेल उचलेपर्यंत जातं. म्हणून अंघोळ कधी संपली, हे मी बादलीवर सोपवलं. शॉवर बंद. बादली भरायची, नळ बंद करायचा, पाणी संपलं की अंघोळ संपली. साबण एकदाच. कोपर राहिलं असं वाटलं तर ते उद्या धुवायचं. आणि तांबे मोजायचे नाहीत. मी २२ तांब्यांचा हिशोब ठेवायला लागले होते, तो नवाच चळ निघाला. थेरपिस्टने बरोबर पकडला.

ही काही माझ्या डोक्यातून आलेली युक्ती नाही. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी, या उपचाराचा तो भाग. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं करायचं नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये लंडनमध्ये याची सुरुवात केली, तेव्हा सतत धूत राहणाऱ्या रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद ठेवलं होतं. आमच्या बाबांनीही एकदा वैतागून बाहेरून कॉक बंद केला होता. मी अंगाला फेस लावलेल्या अवस्थेत रडत बसले आणि पुढचा आठवडाभर आणखी जास्त धुतलं. घरच्यांना हे दाखवा: असं परस्पर करू नका. पायऱ्या रुग्णाने थेरपिस्टबरोबर ठरवायच्या असतात. माझी पहिली पायरी एक बादली नव्हतीच. साबण न धुता वापरणं, ही होती. मग चार बादल्या, तीन, दोन. एकीवर यायला चार महिने लागले.

एका बादलीचा पहिला दिवस अजून लख्ख आठवतो. पाणी संपलं, पाठ धुतली गेली नाही असं ठामपणे वाटत होतं, आणि ठरल्याप्रमाणे मला थेट माझ्या पलंगावर बसायचं होतं. ० ते १०० मध्ये घालमेल किती, असं वहीत लिहायचं. ९० लिहिलं. अर्ध्या तासाने ८५. म्हटलं, हे काही माझ्याच्याने होत नाही. मग आईने पोहे आणून दिले, त्यातला खोबऱ्याचा कीस चादरीवर सांडला, त्यावरून आमचं भांडण झालं, आणि नंतर वही उघडली तेव्हा आकडा ४० वर आला होता. दर वेळी असा उतरतोच असं नाही. न उतरता बसून राहणं, हाही सरावच.

आईलाही शिकावं लागलं. "झाले ना गं मी स्वच्छ?" असं मी दिवसातून वीसदा विचारायचे, ती वीसदा "हो बाई" म्हणायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि शंका आणखी पक्की व्हायची. आता ती म्हणते, "याचं उत्तर मी देणार नाही हं." पहिल्यांदा राग आला होता.

बाकी थोडक्यात. बादलीत जंतुनाशक टाकत असाल तर बंद करा, साधा सौम्य साबण पुरतो. हात चिरले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं तर ते नीट लागू पडायला ८ ते १२ आठवडे जाऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून स्वतःहून सोडू नका, मी सोडलं होतं. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

परवा एसटीने सहा तासांचा प्रवास करून आले. शेजारचा माणूस सगळा वेळ शिंकत होता. घरी आल्यावर दोन बादल्या घेतल्या. काल परत एक.