वाचक विचारतात: जुना लॅपटॉप, लिनक्स आणि ९४ वर अडलेलं इंटरनेट

प्रश्न : पाचव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क आणि विंडोज १० असा लॅपटॉप आहे. एक मित्र म्हणतो लिनक्स टाक, दुसरा म्हणतो जुगाड करून विंडोज ११ टाक. डीटीपीची कामं अजून श्रीलिपीत आणि पेजमेकरमध्ये चालतात. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली

दोघांचंही ऐकण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. मशीन रखडलेलं असताना ‘डिस्क’चा रकाना १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसला, तर दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही. फिरती हार्डडिस्क विखुरलेल्या लहान फायली वाचायला लागली की सेकंदाला जेमतेम एखादा एमबी देते, आणि सिस्टिम सुरू होताना तेच काम जास्त असतं. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची २५० जीबीच्या आसपासची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. एनव्हीएमई प्रकारची घेऊ नका, इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये तिला बहुधा जागाच नसते. सोबत रॅम ८ जीबी करा. घेताना पट्टीवर ‘डीडीआर-३एल’ आणि १.३५ व्होल्ट छापलेलं आहे ना, ते पाहा. दुकानदार पुष्कळदा साधी १.५ व्होल्टची डीडीआर-३ हातात ठेवतो. ती खाचेत नीट बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही आणि बिचाऱ्या मदरबोर्डावर आळ येतो.

आता विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट्सची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यासाठी विंडोजची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. रूफस या प्रोग्रॅमने ती तपासणी टाळणारा पेनड्राइव्ह बनतो हे खरं आहे. मात्र अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर गिऱ्हाइकाची कामं आहेत, तिथे हा जुगाड आम्ही सुचवणार नाही.

लिनक्सवर पेजमेकर आणि श्रीलिपी सरळ चालत नाहीत. ‘वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं’ म्हणणाऱ्याला छपाईला जाणारं एक पान समोर बसून करून दाखवायला सांगा. तेव्हा तुमच्यासाठी दोन्ही शेजारी ठेवणं बरं: डीटीपी विंडोजवर, तेही शक्यतो इंटरनेट तोडून, आणि ब्राउझर, मेल, बँक मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्तीवर. क्रम असा:

आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, फॉन्टचं फोल्डरही विसरू नका. मग ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली आहे का ते पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज तीच मागत बसेल. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करून ६० जीबी मोकळे करा. ती जागा तशीच रिकामी सोडा, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफसने मिंट उतरवा, त्यावरून मशीन सुरू करा, आणि लगेच इन्स्टॉल न करता तसंच वापरून वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ते बहुतेक गप्प राहील. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या (टेदरिंग) आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हाच पर्याय निवडा. ‘डिस्क पुसून’ हा पर्याय त्याच यादीत असतो, तेव्हा माउस जपून.

त्यानंतर एक हमखास तक्रार येते : विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘sudo timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा अशीच इंग्रजी लहान अक्षरांत द्या, आणि विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्टही आहे आणि कगप फोनेटिकही. श्रीलिपीच्या जुन्या फायली मात्र युनिकोड नसतात, त्या रूपांतर केल्याशिवाय लिनक्सवर वाचता येणार नाहीत.

प्रश्न : मिंट टाकलं. काहीही न उघडता ‘फ्री’ मेमरी अगदी थोडी दिसते. ग्रुपवर सगळे म्हणतात सिनॅमन डेस्कटॉप काढून हलका एक्सएफसीई टाक. – नाशिक

‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा. रिकामी रॅम पडून राहू नये म्हणून लिनक्स तिच्यात अलीकडे वाचलेल्या फायली धरून ठेवतं आणि कुणी मागितली की सोडून देतं. सिनॅमन आणि एक्सएफसीईमधला फरक काहीशे एमबींचा, आणि तेवढी मेमरी ब्राउझरचा एखादा जड टॅब एकटा खातो. आधी टॅब आवरा.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. लॅपटॉपला केबल लावूनही वेग ९३–९४ च्या वर जात नाही. डीएनएस बदलून १.१.१.१ केलं, फरक शून्य. कंपनी वेग दाबते का? – ठाणे

डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतं. पान उघडायला लागताना काही मिलिसेकंद वाचतील, डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही. उलट काही सेवा डीएनएसची विचारणा कुठून आली यावरून जवळचा सर्व्हर ठरवतात. १.१.१.१ चालवणारी क्लाउडफ्लेअर ग्राहकाच्या पत्त्याचा भाग पुढे पाठवत नाही, त्यामुळे क्वचित लांबचा सर्व्हर वाट्याला येतो.

तुमचा आकडाच सगळं सांगतो. ९४ म्हणजे १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून वरखर्च वजा जाता हाती लागणारा वेग. कंपनी दाबत असती तर आकडा बहुधा वेळेनुसार हलला असता. विंडोजमध्ये इथरनेटच्या ‘स्टेटस’मध्ये ‘स्पीड’ बघा, तिथे १.० जीबीपीएस हवा. १०० दिसत असेल तर केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. पुष्कळ ठिकाणी केबलवाला चारच तारा कनेक्टरमध्ये दाबून (क्रिंप करून) मोकळा होतो, किंवा आठातली एखादी दारात चेपून तुटलेली असते. कॅट-५ई ची तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली केबल) लावून बघा. तरीही १०० च, तर राउटरच्या मागची पोर्टं तपासा. स्वस्त ड्युअल-बँड राउटरवर ‘१२००’ छापलेलं असतं, पण पोर्टं १०० चीच असतात. लॅपटॉपचं पोर्टच १०० चं निघालं तर यूएसबी गिगाबिट अडॅप्टर घ्या, आणि तो यूएसबी ३ च्या खाचेतच लावा.

फोनवर डीएनएस बदलायचं असेल, तर अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे आकडे चालत नाहीत, ‘डीएनएस डॉट गूगल’ असं नाव द्यावं लागतं. स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिन पान उघडेना, तर प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरतं बंद करा.